नानांना भोपळ्याच्या शेतावर न्यावं का?

वाचक लिहितात:

“आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा साडेपाच वर्षांचा, मुलगी दोन वर्षांची. गेल्या ऑक्टोबरात एका फार्मवर भोपळे आणायला गेलो होतो. रविवारी दुपारी पोचलो, गाडी लावायलाच पाऊण तास लागला. तिकिटं, ट्रॅक्टरची राइड, प्राणी, मक्याच्या शेतातला भुलभुलैया, सगळं मिळून इतके पैसे गेले की नवरा दिवसभर त्याचाच हिशोब करत होता. मुलगी झोपेला आली आणि चिखलात लोळून रडली. मुलगा भुलभुलैयात घाबरला. मी मात्र सगळ्यांना एकसारखे शर्ट घालून फोटो काढायच्या मागे. येताना गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही.

यंदा सासू-सासरे खानदेशातल्या चोपड्याहून आलेत, नोव्हेंबरपर्यंत आहेत. सासऱ्यांची केळी आणि कापसाची शेती आहे. मुलगा रोज विचारतो, पम्पकिन पॅचला कधी जायचं? नाना म्हणतात, ‘शेतात जायचे पैसे? आणि गंगाफळ आपल्याकडे पंगतीला लागतं, ही माणसं त्याला डोळे कोरून दारात सडवतात!’ सासूबाई म्हणतात, बाईमाणसानं अख्खा भोपळा आधी चिरायचा नसतो. नवरा म्हणतो, भोपळा पटेल ब्रदर्स या आपल्या किराणा दुकानात मिळतो. मुलाचं मन मोडवत नाही आणि नानांनाही दुखवायचं नाही. जाऊ की नको?”

प्रिय मैत्रीण,

जा. आणि नाना आलेत म्हणूनच यंदा नक्की जा. तुमच्या घरात सध्या असा एक माणूस आहे ज्याला शेत वाचता येतं. तुमच्या मुलाला शेत बघायचंय. या दोघांची गाठ घालायची सोडून आपण तिकिटांचा हिशोब कशाला करत बसायचं?

आधी गेल्या वर्षाचं बोलू, कारण ते तुमच्या मनाला लागलंय हे पत्रात दिसतंय. तुमचं फार काही चुकलं नव्हतं. वेळ चुकली आणि यादी लांबली. दोन वर्षांच्या आतलं मूल रविवारी दुपारी, झोपेच्या वेळी, गर्दीत आणि चिखलात नेलं तर ते रडणारच. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना आम्हीही असंच केलं होतं. शेताच्या कडेला पावसाचं डबकं साचलं होतं, तो त्यात मक्याची सालं सोडत बसला होता. इतका रमला होता! आणि आम्ही त्याला ओढत ओढत राइडच्या रांगेत नेलं, कारण तिकिटं काढलेली होती. तो रडला, मी चिडले. आज तो मोठा झाला, पण ते डबकं मला आठवतं. त्याला दहा मिनिटं आणखी बसू दिलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मी अजून स्वतःला विचारते. म्हणून यंदा तुम्ही एकच गोष्ट ठरवून जा: शेतात चालायचं आणि भोपळा आणायचा. बाकी जे होईल ते वरचं. फोटो हवेत ना? गाडीतून उतरल्या उतरल्या, कपडे स्वच्छ आहेत तोवर दहा मिनिटांत काढून घ्या आणि फोन पर्समध्ये टाका.

जमलं तर आठवड्यातल्या एखाद्या कामाच्या दिवशी जा. नवऱ्याला सुट्टी नसेल तर शनिवारी, पण फार्मचं फाटक उघडतं तेव्हा दारात हजर राहा आणि मुलीच्या झोपेआधी परत निघा. ऑक्टोबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा बरा. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविन सणाच्या आदल्या शनिवार-रविवारी तर अजिबात नको. कामाच्या दिवसांत बऱ्याच फार्मवर प्रवेशाचे पैसे कमी असतात किंवा नसतातही, फक्त भोपळ्याचे वजनावर द्यायचे. तिथे नवऱ्याचा प्रश्नही अर्धा सुटतो. भोपळा पटेल ब्रदर्समध्ये मिळतो हे खरंच आहे, पण वेल तिथे नसतो.

आता नानांचं. ‘शेतात जायचे पैसे?’ हा प्रश्न एका शेतकऱ्याच्या तोंडून येतो तेव्हा त्याला उडवून लावू नका. ज्याच्या बांधावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला भाजी दिली जाते, त्याला तिकीट विचित्र वाटणारच. त्यांना हुरड्याची आठवण करून द्या. पूर्वी थंडीत शेतकरी ओळखीच्यांना हुरडा खायला बोलवायचा, कुणी पैशाचं नाव काढत नसे. आता नगर, सोलापूर, पुण्याकडे माणशी दर लावून हुरडा पार्ट्या होतात आणि त्या चार पैशांवर कितीतरी घरांचं वर्ष सावरतं. महाराष्ट्र सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं ते याचसाठी. न्यू जर्सीत जमीन महाग, शहरं शेताच्या बांधापर्यंत आलेली. नुसते भोपळे घाऊक विकून लहान शेतकऱ्याचं भागत नाही. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर एवढाच त्याचा हंगाम, त्यात ट्रॉली फिरवून, भुलभुलैया करून तो जमीन बिल्डरच्या हाती जाण्यापासून वाचवतो. हे नानांना तुम्ही समजावण्यापेक्षा तिथल्या शेतकऱ्याशीच त्यांची गाठ घालून द्या. तुमचा नवरा दुभाषा होईल. एकरी किती निघतं, पाणी कसं देता, मजूर कुठून येतात, हे तीन प्रश्न कुठल्याही दोन शेतकऱ्यांना तासभर पुरतात.

फार्म निवडताना एक चौकशी करा: भोपळे त्याच शेतात वेलावर वाढलेले आहेत का? काही ठिकाणी बाहेरून ट्रकनं आणलेले भोपळे गवतावर मांडून ठेवतात. मुलांना फरक कळत नाही, पण नानांना उतरल्या क्षणी कळेल आणि मग दिवसभर ऐकावं लागेल. खरं शेत असेल तर त्यांना बघायला खूप आहे. जूनच्या आसपास पेरलेले वेल ऑक्टोबरात वाळून गेलेले असतात, उरल्यासुरल्या पानांवर पांढरी भुरी दिसते. नाना लांबूनच म्हणतील, ‘भुरी आली बघ.’ ते नातवाला दाखवू द्या. वेल कुठून कुठे गेला, देठ फळाला कुठे जोडलाय, एका बाजूचा पिवळा डाग म्हणजे फळ जमिनीवर टेकलं होतं ती जागा. हे सगळं शिकवणारा माणूस तिथल्या कुठल्याही तिकिटात मिळत नाही.

आणखी एक सांगते, कारण नानांना ते आवडेल असं मला वाटतं. न्यू जर्सीची ही जमीन मूळची लेनापे लोकांची. ते मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावत. मक्याच्या ताटाला घेवडा चढतो, घेवडा जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची रुंद पानं जमीन झाकतात म्हणजे तण कमी आणि ओल टिकते. आंतरपिकाचं गणित नानांना सांगावं लागणार नाही. आणि ज्या गंगाफळाशिवाय खानदेशातली पंगत उठत नाही ते मूळचं याच अमेरिका खंडांतलं. मेक्सिकोतल्या ओआहाका भागातल्या एका गुहेत भोपळ्याच्या कुळातल्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. युरोपातली जहाजं इकडे यायला लागल्यावरच हे फळ आपल्याकडे पोचलं. तेव्हा नाना परक्या मुलखातलं पीक बघायला निघालेले नाहीत. आपल्याच भाजीच्या माहेरी निघालेत.

त्यांना मोठ्या फार्मची जत्रा सोसवणार नाही असं वाटलं तर एडिसनहून तासाभराच्या अंतरावर, लॅम्बर्टव्हिलजवळ हॉवेल लिव्हिंग हिस्ट्री फार्म आहे, मर्सर काउंटीच्या उद्यान विभागाचं. तिथे १८९० ते १९१० च्या काळातली शेती जिवंत ठेवली आहे, घोड्यांच्या नांगरासकट. शरद ऋतूत मक्याचा भुलभुलैयाही असतो. रोज उघडं नसतं, तेव्हा वार आणि वेळा बघून निघा. बैलांमागे चाललेल्या माणसाला घोड्यांचा नांगर बघताना काय वाटेल, ते मला पत्रानं जरूर कळवा.

आता दोन वर्षांच्या बाईंकडे येते. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण अशा सहलीत मोठ्यांचं लक्ष बोलण्यात असतं आणि लहानांचे हात कुठेही पोचतात.

बाबागाडी नेऊ नका, चाकं शेतात रुततात. पाठीवरची झोळी न्या. दोघांना गमबूट घाला आणि बदलायचे कपडे गाडीत ठेवा, पायमोज्यांचे दोन जोड जास्तच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवताच्या गठ्ठ्यांवर बसवतात, तिथे मुलगी मांडीवर आणि ट्रॉलीच्या मधोमध. ट्रॉली पुरती थांबल्याशिवाय कुणीही उठायचं नाही. पायऱ्या उंच असतात, सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर तुमच्या नवऱ्याला आधी खाली उतरू द्या, मग आईंचा हात धरू द्या. मक्याच्या दाण्यांनी भरलेला मोठा हौद असतो, वाळूसारखं खेळायला. मुलाला खुशाल बसवा. मुलीला मात्र हाताच्या अंतरावर राहूनच, नाहीतर नकोच. मक्याचा दाणा नाकात, कानात, घशात जायला क्षणही लागत नाही.

शेळ्या-मेंढ्यांना हात लावायला मुलांना फार आवडतं. लावू द्या. पण त्या कुंपणात बाटली, चोखणी, बिस्किट काहीही न्यायचं नाही आणि बाहेर पडल्या पडल्या साबण-पाण्यानं हात धुवायचे. सॅनिटायझर चोळून भागत नाही. प्राण्यांच्या शेणातून ई-कोलाय नावाचे जंतू येऊ शकतात आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा त्रास सगळ्यात जास्त होतो. हे वाचून घाबरू नका, फक्त नळ कुठे आहे ते आत शिरताना बघून ठेवा.

सायडर म्हटल्यावर सासूबाई दचकतील. त्यांना सांगा की इथला सायडर म्हणजे सफरचंदाचा न गाळलेला रस, त्यात दारू नसते. पण तो पाश्चराइझ केलेला आहे का, हे विकणाऱ्याला विचारा. नसेल तर मुलांना आणि सासू-सासऱ्यांना देऊ नका. शिवाय या दिवसांत गांधीलमाश्या गोडावर तुटून पडतात, म्हणून उघड्या पेल्यातून पिण्याआधी आत बघायचं आणि मुलांना झाकणाच्या पेल्यातच द्यायचं. खाणं घरून न्या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यापेक्षा चांगलं काय आहे? आत बाहेरचं खाणं चालत नसेल तर गाडीच्या डिकीपाशी खा. पोट भरलेलं असलं की डोनटच्या रांगेत हट्ट कमी होतो.

घरी आल्यावर गोचीड तपासा, हे विसरू नका. न्यू जर्सीत लाइम रोग पसरवणारे गोचीड ऑक्टोबर-नोव्हेंबरातही हिंडतात. कानामागे, केसांच्या मुळाशी, काखेत, बेंबीत, गुडघ्यामागे बघा. अंघोळ घाला आणि शेतात घातलेले कोरडे कपडे ड्रायरमध्ये खूप गरम हवेवर दहा मिनिटं फिरवा. एखादा चिकटलेला दिसला तर बारीक चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढायचा, तेल-बिल लावत बसायचं नाही. नाना-आईंनाही सांगा. त्यांना गुरांवरचा गोचीड ठाऊक आहे, इथला तिळाएवढा बारीक असू शकतो.

आणि भुलभुलैया. मुलाला एकदा भीती बसली आहे, तर यंदा उंच मक्यात जायचंच नाही. बऱ्याच ठिकाणी लहानांसाठी गवताच्या गठ्ठ्यांचा बुटका भुलभुलैया असतो, त्यावरून आईचं डोकं दिसत राहतं. त्यानं स्वतःहून मागितलं तर तेवढा. नाही म्हणाला तर ‘अरे, मोठा झालास ना’ वगैरे म्हणू नका.

भोपळा निवडायचा नियम सोपा ठेवा: ज्याला जो उचलता येईल तो त्याचा. पैशांचा प्रश्नही त्यातच मिटतो. मुलगी तळहाताएवढा घेईल, मुलगा कवेत मावेल तेवढा. देठ धरून उचलायचा नाही. देठ तुटला की तिथून कूज लागते. नखानं दाबून बघायचा, साल कडक हवी. बुड सपाट हवं. बाकी नाना टिचकी मारून बघतीलच. एवढं करून मुलानं वाकडातिकडा, चामखिळींचा भोपळा निवडला तर तोच घ्या.

पण एक भोपळा घरच्या स्वयंपाकासाठी वेगळा घ्या, आणि इथे नानांच्या दुसऱ्या, खऱ्या दुखण्याकडे येते. अन्न कोरून दारात सडवणं. मला त्यांचं म्हणणं मनापासून पटतं, म्हणून त्यावर झटपट तोडगा सुचवत नाही. एवढं मात्र त्यांना कळायला हवं की कोरायचे भोपळे वेगळ्या जातीचे असतात. मॅसॅच्युसेट्समधल्या जॉन हाउडन या शेतकऱ्यानं गेल्या शतकात ‘हाउडन’ नावाची जात तयार केली, ती आजही कोरण्यासाठी लावतात. देठ मजबूत, साल नारिंगी, गर मात्र पाणचट आणि तंतूंचा. भाजीला चव येत नाही. इथले लोक खातात तो भोपळा निराळा. इलिनॉयमधल्या मॉर्टन गावाच्या परिसरात डब्यातल्या भोपळ्याचा मोठा कारखाना आहे, त्यासाठी डिकिन्सन नावाची फिकट तपकिरी सालीची जात घेतात. ती आपल्या लाल भोपळ्याच्याच कुळातली. नानांच्या शेतात कापूस आहे. तो पानात पडत नाही, पण त्यावर त्यांचं घर उभं आहे. कोरायचा भोपळा इथल्या शेतकऱ्याला तसाच. तरीही त्यांना बघवत नसेल तर यंदा कोरूच नका. मुलं साडेपाच आणि दोन वर्षांची आहेत, त्यांच्या हातात सुरी द्यायची नाहीच. भोपळ्यावर रंगानं नाक-डोळे काढू द्या. न कोरलेला भोपळा थंड जागी कितीतरी आठवडे टिकतो, कोरलेला काही दिवसांतच बसतो.

खायचा भोपळा ‘शुगर पम्पकिन’ किंवा ‘पाय पम्पकिन’ म्हणून मागा, दोन-अडीच किलोचा मिळतो. आपल्या चवीच्या सगळ्यात जवळ जातो तो बटरनट स्क्वॉश, तोही फार्मवर असतो. शोभेचे छोटे रंगीत भोपळे खायचे नसतात. आणि कुठलाही भोपळा कडू लागला तर, कडू दुधीसारखाच, थुंकून टाकायचा, पुढे शिजवायचा नाही.

सासूबाईंनी सांगितलेली रीत पाळा ना. त्यात कुणाचं काय जातं? पहिला घाव नानांना घालू द्या. ओट्यावर वर्तमानपत्र पसरा, नाना भोपळा दुभंगतील, मग मुलं दोन्ही हात घालून बी आणि धागे काढतील. माझ्या अनुभवात सगळ्या सहलीतलं मुलांना सगळ्यात जास्त आवडणारं काम हेच, आणि त्याला एक डॉलरही लागत नाही. अर्ध्याची सासूबाई त्यांच्या पद्धतीची गंगाफळाची भाजी करतील. उरलेल्याच्या घाऱ्या करा. भोपळा किसून गुळाबरोबर मंद आचेवर शिजवायचा, गूळ विरघळून मिश्रण आळलं की उतरवायचं, कोमट झाल्यावर चिमूट मीठ, वेलची, थोडी तांदळाची पिठी, चमचाभर गरम तूप आणि त्यात मावेल तेवढी कणीक. वरून पाणी अजिबात नाही. तासभर मुरू द्यायचं आणि जाडसर थापून मध्यम आचेवर तळायचं. एक डबा शेजारच्या अमेरिकन घरी पाठवा, नातवाच्या हातानं.

रंगवलेला भोपळा नोव्हेंबरात काय करायचा, हे आत्ताच ठरवून ठेवा, म्हणजे नानांच्या डोळ्यांसमोर तो कचऱ्याच्या पिशवीत जाणार नाही. रंगवलेली साल सोलून टाका आणि उरलेल्याचे तुकडे अंगणात खड्डा करून पुरा, त्याचं खत होतं. काही फार्म गुरा-डुकरांसाठी भोपळे परत घेतात, पण रंग किंवा मेण लागलेले चालत नाहीत. फाटकावर विचारून ठेवा.

राहता राहिल्या बिया. नाना त्या धुऊन, वाळवून चोपड्याला न्यायला पुरचुंडीत बांधतील, हे मी आत्ताच सांगते. तेवढं प्रेमानं थांबवा. परदेशातलं बी भारतात न्यायला परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, विमानतळावर त्यांना कुणी अडवलेलं तुम्हाला आवडणार नाही. थोड्या मीठ लावून भाजा. आणि चार बटरनटच्या बिया कागदात गुंडाळून वर नातवाच्या अक्षरात तारीख घालून ठेवा. मेच्या अखेरीस थंडी गेली की अंगणात आळं करायचं. किती खोल, किती अंतरावर, पाणी कधी, हे नाना तिकडून व्हिडिओ कॉलवर सांगतील.